न चावणारे बूट

दोन हजार बावीस साल. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधे ग्रहणाचा एक दिवस घुसला होता. बरकतपुऱ्यातल्या बायका दिवाळीभर एकमेकींना विचारत होत्या, की फराळाच्या डब्यांवर तुळशीचं पान ठेवलं तर चालेल ना? इंदुताईंना मात्र ती दिवाळी ग्रहणामुळे आठवत नाही. त्यांना ती बुटांमुळे आठवते.

बूट दसऱ्याच्या आदल्या दिवशी जावयाने आणले. भलंमोठं खोकं होतं. त्यातून निघाले ते तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे बूट. चामडं इतकं ताठ की दाबलं तरी खळगा पडेना. इंदुताईंनी एक उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला.

"हे पायात घालायचं, का पायाने ओढत न्यायचं?"

"आई, बर्फातले बूट असेच असतात," पुष्कर हसत म्हणाला. "आत पाणी शिरत नाही, घोटा मुरगळत नाही. फक्त आधी ते रुळवावे लागतात."

पुष्कर पुण्याचा. हायटेक सिटीकडच्या एका कंपनीत कामाला आला आणि तिथेच इंदुताईंच्या माधवीशी त्याचं जमलं. लग्नाला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. मुलगा साधा, बोलका. वडिलांवर फार जीव. त्या जिवापोटीच हा सगळा घाट त्याने घातला होता.

त्याचे वडील प्रमोदराव बँकेतून निवृत्त झालेले, पुण्यात एकटे राहत. आदल्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या पत्नी वंदनाताई गेल्या. तोवर दर रविवारी सिंहगड चढणारा हा माणूस त्यानंतर घराबाहेर पडेनासा झाला. दूध घ्यायला खाली उतरायचं तेवढंच. पुष्करने खूप विचार करून ठरवलं, की डिसेंबरच्या शेवटी बाबांना उत्तराखंडात न्यायचं, बर्फातून एक शिखर चढायचं. चार मित्र बरोबर होते. प्रमोदरावांनी फोनवर साफ नाही म्हटलं. मग म्हणाले, "तुम्ही पोरं आपल्या नादात असाल. मी कोणाशी बोलू? प्रतापराव येत असतील तर येतो."

हे ते टाळायला म्हणाले होते. पण फोन इंदुताईंच्या घरी स्पीकरवर होता आणि त्यांचे यजमान प्रतापराव शेजारीच शेंगा सोलत बसले होते.

"हौ, येतो ना!" प्रतापराव ओरडले. "कधी निघायचं बोला!"

इंदुताईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांचा नवरा उदगीरकडच्या शेतकरी घरातला. शिकायला म्हणून हैदराबादेत आला आणि गौलीगुड्यात पंप-पाइपचं दुकान टाकून इथलाच होऊन गेला. आता दुकान पुतण्याकडे, शिवराजकडे होतं. जुन्या बस अड्ड्याचं ते अर्धगोल पत्र्याचं छप्पर उभं होतं तोवर प्रतापराव रोज त्याच्या सावलीतून चालत दुकानात जात. पण तेवढंच चालणं. डोंगर म्हणाल तर गोवळकोंड्याचा किल्ला, तोही वाटेत तीनदा बसून. बर्फ त्यांनी सरबतातच पाहिला होता. आणि बारा-तेरा वर्षं झाली, अंगात साखर होती.

"तुम्हाला झेपणार आहे का?" त्यांनी फोन बंद झाल्यावर विचारलं.

"अगं, तो माणूस वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मागतोय. मी नाही म्हणू?"

इंदुताईंनी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, हृदयाची पट्टी काढली, साखर जरा आटोक्यात ठेवा म्हणाले आणि प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. पाय कोणी पाहिले नाहीत. पाय दाखवायला डॉक्टरकडे कोण जातं?

पुष्करने बूट कसे रुळवायचे ते नीट समजावलं. जाड लोकरी मोजे घालायचे. सुरुवातीला थोडाच वेळ, घरातल्या घरात. मग जिना चढउतार. मग रस्ता. "आणि अप्पा, महत्त्वाचं म्हणजे, टोचलं की थांबायचं. करंगळी, टाच, घोटा, जिथे लागेल तिथे लगेच बूट काढायचा, दुसऱ्या दिवशी परत घालायचा. पायाचं ऐकायचं. घाई केली की बूट चावतो."

"घरातल्या घरात म्हणजे?" इंदुताईंनी कान टवकारले. "माझ्या घरात पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. समोर देवघर आहे."

"आई, नवे कोरे आहेत. रस्त्यावर गेलेलेच नाहीत," माधवी म्हणाली.

"नवं असलं तरी पायताण ते पायताणच."

"भांडू नका मायलेकी," प्रतापराव म्हणाले. "गच्ची आहे की. आपल्याच डोक्यावर."

त्यांचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर. दाराबाहेरूनच गच्चीचा जिना. बूट जिन्याच्या पहिल्या पायरीखाली राहतील, प्रतापराव वर जाऊन फेऱ्या मारतील, असं ठरलं. इंदुताईंच्या गुडघ्यांना तो जिना सोसत नसे, त्यामुळे त्या वर फारशा जात नसत.

"आमच्या गावाकडे नवी चप्पल आणली की ती चावू नये म्हणून आधी आपणच तिला चावायचो," इंदुताई म्हणाल्या. "आई हातात द्यायची आणि म्हणायची, घे, हळूच एक चावा. मग ती भिऊन राहते."

प्रतापरावांनी बूट उचलून तोंडाशी नेला आणि बत्तिशी दाखवली.

"अप्पा, शी!" माधवी किंचाळली. सगळे पोट धरून हसले.

दसरा झाला आणि गच्चीवर पाय वाजू लागले. धप, धप, धप. खाली स्वयंपाकघरात इंदुताईंना आवाज ऐकू येई. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "चावले का?"

"अजिबात नाही. मेणासारखे आहेत."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिकडे पुण्यात प्रमोदरावांनीही तसेच बूट घेतले होते आणि त्यांची मात्र त्रेधा उडाली होती. घरच्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता, त्याला पुष्करने नाव दिलं होतं 'बर्फाळ मंडळी'. त्यावर प्रमोदराव रोज आपल्या पायाचा फोटो टाकत. टाचेवर फुगलेला फोड. दुसऱ्या दिवशी फुटलेला फोड. त्याखाली लिहिलेलं असे, 'आजची झटापट. बुटांचा विजय. मी गाशा गुंडाळून सोफ्यावर.'

प्रतापराव लगेच उत्तर देत. 'पुणेरी पाय नाजूक. आमचे हैदराबादी पाय बघा, दोन तास चाललो, ओरखडा नाही.'

'हैदराबादी पाय म्हणजे बिर्याणीतले का?'

'या दिवाळीला, वाढतो तुम्हाला.'

इंदुताई हे संवाद चष्मा लावून वाचत आणि मनात म्हणत, बरं झालं, दोघांनाही एकमेकांचा विरंगुळा आहे. वंदनाताई गेल्यापासून प्रमोदराव असे बोलले नव्हते. आपला नवरा असा पोरासारखा खुश कित्येक वर्षांत दिसला नव्हता. पाय मजबूत आहेत याचा इंदुताईंनाही थोडा अभिमानच वाटला. श्रावणात पाहुण्यांना सोडायला काचीगुडा स्टेशनवर गेले होते, तेव्हा प्रतापरावांची एक चप्पल फलाटावरच गळून पडली होती आणि ते एका पायात चप्पल घालून थेट चहाच्या टपरीपर्यंत गेले होते. मागून हमाल चप्पल घेऊन धावत आला. "साब, आपकी चप्पल! होश कां हैं?" घरी येईपर्यंत नवराबायको हसत होते. काळ्या मातीत अनवाणी वाढलेले पाय, त्यांना चपलेची काय कदर, असं प्रतापराव म्हणाले होते आणि इंदुताईंना ते पटलं होतं.

दिवाळी जवळ आली तसं आणखी एक नवल झालं. प्रतापराव आपले मोजे आपण धुऊ लागले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यांनी हातरुमालसुद्धा कधी पिळला नव्हता. आता गच्चीवरच्या नळाखाली मोजे चोळून वाळत घालत. इंदुताईंनी शेजारच्या सुशीलाबाईंना कौतुकाने सांगितलं.

"बर्फात जायचं तर सगळं स्वतः करायची सवय पाहिजे म्हणतात."

"माझ्या नवऱ्यालाही पाठव गं बर्फात," सुशीलाबाई म्हणाल्या. "आला नाही परत तरी चालेल."

गाद्या उन्हात टाकायच्या म्हणून वसुबारसेच्या दिवशी इंदुताई कशाबशा गच्चीवर चढल्या. तारेवर मोजे होते. त्यातल्या एका मोज्यावर, पुढच्या टोकाला, मुंग्यांची रांग लागली होती. तारेखाली उन्हात ठेवलेल्या उजव्या बुटाच्या तोंडातही मुंग्या. इंदुताई तरातरा खाली आल्या.

"वर बसून लाडू खाता ना?"

"कोण, मी?"

"मग मुंग्या कशाला येतील? चोरून खायचं वय आहे का हे? साखर किती वाढली असेल!"

प्रतापराव मान खाली घालून म्हणाले, "एकच खाल्ला." इंदुताईंनी लाडवांचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. लाडू मोजून ठेवलेले नव्हते, नाहीतर त्यांना तेव्हाच कळलं असतं की डब्यातला एकही लाडू कमी झालेला नाही.

लक्ष्मीपूजन झालं. ग्रहणाचा दिवस गेला. पाडवा उजाडला.

पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, ओवाळायचं, ही इंदुताईंच्या सासरची रीत. सासू गेल्या ते वर्ष सोडलं तर कधी चुकली नव्हती. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तिळाचं तेल कोमट करून वाटीत घेतलं. माधवी, पुष्कर आणि पुण्याहून आलेले प्रमोदराव दुपारी जेवायला येणार होते, म्हणून पुरणाची डाळ आधीच शिजत टाकलेली.

"यंदा नक्को," प्रतापराव दारातूनच म्हणाले. "सर्दी झाली आहे मला."

"पाडव्याला नक्को म्हणतात का? बसा."

"मी माझं न्हातो ना. तुला स्वयंपाक आहे."

"अहो, बसा म्हणते ना."

ते बसले. कमरेला पंचा, अंग उघडं, आणि पायात लोकरी मोजे. इंदुताईंना हसू आवरेना.

"हे काय सोंग?"

"थंडी वाजते."

"हैदराबादेत? ऑक्टोबरात? डोक्यावर पंखा फिरतोय की!" त्यांनी पाठीला, खांद्यांना तेल चोळलं, दंड चोळले. मग पुढे येऊन बसल्या आणि डाव्या पायाचा मोजा काढला. उजव्याला हात लावताच प्रतापरावांनी पाय मागे घेतला.

"इंदू, तो राहू दे."

त्या आवाजात काहीतरी होतं. इंदुताईंनी पाय धरून ठेवला आणि मोजा खाली ओढला. टोकाशी तो अडला. चिकटला होता. त्यांनी जरा जोर लावला तेव्हा आतली कातडी मोज्याबरोबर सुटून आली.

प्रतापराव 'स्स'सुद्धा म्हणाले नाहीत. ते नुसते बघत होते, दुसऱ्या कुणाचा तरी पाय असावा तसे.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला खड्डा पडला होता. कडा पांढऱ्या, मऊ पडलेल्या. आत काळपट. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन्ही सुजून जांभळी झालेली. वर पावडरचा थर साचून त्याचा चिखल झालेला. आणि वास. तो वास इंदुताईंनी लहानपणी एकदाच घेतला होता. पावसाळ्यात त्यांच्या वडिलांच्या एका बैलाचा खूर सडला होता, तेव्हा गोठ्यात असाच वास कोंडला होता. त्या बैलाला परत गाडीला जुंपता आलं नाही.

"कधीपासून?"

"दुखत नाही गं."

"मी विचारलं कधीपासून."

"आठ-दहा दिवस झाले असतील. पहिल्यांदा मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं. रोज धुतो मी, पावडर लावतो. दुखत असतं तर सांगितलं नसतं का तुला?"

"हे दुखत नाही?"

"अजिबात नाही. तेच तर म्हणतो. दुखत नाही म्हणजे वरवरचं आहे. प्रमोदरावांचं बघ, केवढे फोड, तरी चालतात."

इंदुताईंनी पाय मांडीवर घेतला आणि त्याच्या तळव्यावर नखाने जोरात ओरबाडलं.

"हे कळलं?"

"काय?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, ती इंदुताईंना फार लांबून आल्यासारखी वाटली. बूट चावत नव्हते असं नाही. बूट पहिल्या दिवसापासून चावत होते. पायालाच ते सांगता येत नव्हतं. पायाचं ऐकायचं, असं पुष्कर म्हणाला होता. मुका पाय काय बोलणार?

"आत्ता निघायचं. डॉक्टरकडे."

प्रतापरावांनी त्यांचा तेलकट हात धरला. "इंदू, ऐक माझं. ते येतील, जेवतील. संध्याकाळी जाऊ. पण त्यांच्यासमोर काढू नको. मी येत नाही म्हटलं की प्रमोदराव जाणार नाहीत. परत तसेच खोलीत बसतील. माझ्या भरवशावर तो माणूस बूट घालून पायाची सालटं काढून घेतोय. मी शब्द दिलाय."

"आणि हा पाय?"

"बरा होईल ना तोवर. दोन महिने आहेत."

अडतीस वर्षांत या माणसाने त्यांच्याकडे काही गयावया करून मागितलं नव्हतं. इंदुताईंनी कोमट पाण्याने जखम धुतली, जुन्या धुवट साडीची पट्टी बांधली. उटण्याची वाटी तशीच राहिली. ओवाळलं. निरांजन त्यांनी लगेच खाली ठेवलं. प्रतापरावांनी ताटात घालायची साडी पुढे केली, तीही त्यांनी न बघताच बाजूला ठेवली.

"जेवणं होईपर्यंत," त्या म्हणाल्या. "ती मंडळी जिना उतरली की रिक्षा."

"हौ."

मंडळी आली. प्रमोदराव पुढे, हातात चितळ्यांच्या बाकरवडीऐवजी एक कापडी पिशवी. उंच, वाळलेला माणूस. वर्षभरात आणखी वाळला होता, पण डोळ्यांत आज चमक होती.

"विहीणबाई, पाडव्याच्या शुभेच्छा. वास छान सुटलाय. पण मी आधी जेवणार नाही."

"का हो?"

त्यांनी पिशवी उघडली. आतून बूट काढले. "व्याह्यांनी तीन आठवडे माझी चेष्टा केली आहे. आज समोरासमोर होऊन जाऊ दे. गच्चीवर दहा फेऱ्या. जो आधी बसेल त्याने डिसेंबरात दुसऱ्याची पिशवी वाहायची."

"बाबा, जेवण गार होईल," पुष्कर म्हणाला, पण तो हसत होता. माधवीही हसत होती. गेल्या वर्षी याच घरात, याच सोफ्यावर प्रमोदराव कुणाशी न बोलता दोन तास बसून गेले होते.

"वीस फेऱ्या!" प्रतापराव म्हणाले आणि उठले. "हैदराबादी पायाशी गाठ आहे."

इंदुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. ते बाहेर गेले, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले आणि उजवा बूट ओढून घेतला. पट्टीमुळे पाय आत जाईना, तसे त्यांनी जिभली वर खेचून टाच दणकन आपटली. एकदा, दोनदा. पाय आत गेला. तोंडावर वेदनेची रेघही नाही.

समोर प्रमोदराव जमिनीवर बसून आपले बूट चढवत होते आणि टाच आत जाताना "आई गं" करून कळवळत होते.

"बघा, बघा, पुणं रडतंय," प्रतापराव म्हणाले.

इंदुताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. गुडघे वाकत नसताना त्या नवऱ्यासमोर फरशीवर बसल्या आणि त्यांच्या बुटावर हात ठेवला.

"सांगता, का मी सांगू?"

"इंदू, नक्को."

"काय झालं आई?" माधवीने विचारलं.

"ह्यांचा पाय सडलाय," इंदुताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आठ-दहा दिवस झाले. ह्यांना कळत नाही. बूट चावला, रक्त आलं, मोजा चिकटला, तरी कळत नाही. मी सकाळी पाहिलं. आणि मी जेवणं होईपर्यंत गप्प बसणार होते."

खालच्या मजल्यावर पोरं टिकल्या फोडत होती, तेवढा आवाज. मग प्रमोदराव एका पायात बूट आणि एका पायात मोजा असे उठून आले. त्यांनी व्याह्यांच्या बुटाची नाडी सोडली. प्रतापराव "अहो, काही नाही, बाई उगाच घाबरते" म्हणत राहिले. बूट निघाला. पट्टी ओली झाली होती. ती सुटताच माधवीने तोंडावर हात दाबला आणि पुष्कर भिंतीकडे वळला.

प्रमोदरावांनी तो पाय वाकून पाहिला. आणि ते एकदम भडकले.

"अहो, मी ते फोटो कशाला टाकत होतो? दुखतंय म्हणून टाकत होतो! तुमचं दुखत नव्हतं तर घाबरायचं सोडून तुम्ही मला चिडवत बसलात? बँकेतल्या आमच्या शिपायाचा पाय असाच गेला, प्रतापराव! गुडघ्यापासून!"

"तुम्ही जायचं रद्द केलं असतं," प्रतापराव म्हणाले.

"मग केलं असतं! डोंगर काय पळून जातो?" त्यांचा आवाज फाटला. "माझं एक माणूस गेलं म्हणून दुसऱ्याने पाय घालवायचा? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

पुष्कर गाडी काढायला जिना उतरत गेला, दोन-दोन पायऱ्या. पुरणपोळ्या तव्याशेजारी तशाच राहिल्या. इंदुताईंनी गॅस बंद केला एवढंच त्यांना आठवतं.

सणाचा दिवस असूनही दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाई तरुण, तेलुगू, पण मराठी कळणारी. तिने जखम पाहिली, पायाचा एक्स-रे काढायला पाठवलं, आणि मग विचारलं, "चालता चालता चप्पल पायातून निघून जाते, कळत नाही, असं कधी झालंय?" नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच हसू आलं नाही.

मग तिने नायलॉनचा एक बारीक केस काढला. प्रतापरावांना डोळे मिटायला सांगितले. "मी पायाला हे लावीन. कळलं की हो म्हणायचं." तिने अंगठ्याला केस टेकवला. प्रतापराव गप्प. चवड्याला टेकवला. गप्प. टाचेला. गप्प. मग तिने हात मागे घेतला आणि काहीच न करता उभी राहिली.

"हौ," प्रतापराव म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हौ."

तेव्हा इंदुताई खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

विष हाडापर्यंत गेलं होतं. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, सकाळी आला असतात काय आणि दुपारी आलात काय, फरक नव्हता. गेले ते आधीचे दिवस. इंदुताईंनी मान डोलावली. पण त्या तारेवरच्या मुंग्या त्यांना डोळे मिटले की दिसत. देवघरासाठी म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलेले बूट दिसत. हा माणूस घरात डोळ्यांसमोर चालला असता, तर पहिल्या रक्तालाच आपण पाहिलं असतं, हे त्यांनी माधवीला एकदा बोलून दाखवलं. माधवी म्हणाली, "आई, अप्पांनी लपवायचं ठरवलं होतं. त्यांनी देवघरासमोरसुद्धा लपवलं असतं." खरं असेल. इंदुताईंना ते पूर्ण पटलं नाही, आणि पुढेही कधी पटलं नाही.

त्या डिसेंबरात कोणीच बर्फात गेलं नाही. प्रमोदराव संक्रांतीपर्यंत हैदराबादेतच राहिले. रोज मेट्रोने येत आणि प्रतापरावांच्या पलंगाशी बसून मराठी पेपर मोठ्याने वाचत. दोघे बातम्यांवरून वाद घालत, बुटांबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या हिवाळ्यात पुष्करने बापाला जवळजवळ ढकलत नेलं. ते शिखरावर पोचले. परत आल्यावर प्रतापरावांनी विचारलं, कसं होतं, तर म्हणाले, "थंडी फार. खायला मॅगी. तुमचं काही राहिलं नाही." त्यांनी एकही फोटो ग्रुपवर टाकला नाही. आता त्यांचं पुण्यात बरं चाललं आहे. सकाळी टेकडीवर जातात, तिथे चार माणसं ओळखीची झाली आहेत.

त्या एका चढाईनंतर पुष्करने कोणाला कुठे चला म्हटलं नाही. बूट मी आणले, हे तो दोनदा-तीनदा म्हणाला. प्रतापराव त्याला म्हणाले, "जावईबापू, बूट चांगले होते." माधवी वडिलांशी दोन महिने धड बोलली नाही. मग एकदा रुसवा गेला, पण आता घरी आली की आत पाऊल टाकण्याआधी तिचे डोळे वडिलांच्या पायांवर जातात. तिला मुलगी झाली. तिचं नाव शर्वरी.

दुकान शिवराजने गौलीगुड्यातून दिलसुखनगरला नेलं. प्रतापराव उद्घाटनाला काठी टेकत गेले होते. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच पायाच्या चवड्याखाली आणखी एक जखम निघाली. या वेळी वेळेत सापडली, तरीही उरलेली तीन बोटं गेली. आता त्यांच्या मापाचे मऊ जोडे खास करून घेतलेले आहेत. ते घालून ते घरभर फिरतात, देवघरासमोरूनही. इंदुताई काही म्हणत नाहीत.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की इंदुताई त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसतात. डाव्याचा तळवा हातआरसा धरून बघतात, बोटांच्या बेचक्या बघतात, उजव्याचा बोथट शेवट चाचपतात. मग त्यांना डोळे मिटायला सांगतात आणि तळव्यावर बोट टेकवतात.

"कळतंय?"

"हौ."

"इथे?"

"हौ."

कधी कधी त्यांचं बोट अजून हवेतच असतं, तोच प्रतापराव म्हणतात, "हौ."